पडण्याची वही



परवा मंदिरातून निघताना एका भगिनीने मला बाजूला घेऊन विचारलं, "आक्का, तुमचा नातू सारखा पडतो म्हणे. आमच्या नातीचंही तसंच आहे. तुम्ही नेमकं काय करता?" चपला घालता घालता सांगून होण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज लिहायला बसले.

माझा नातू नऊ वर्षांचा आहे. त्याला डिस्प्रॅक्सिया आहे. डॉक्टर त्याला 'डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर' म्हणतात. यात बुद्धीला काही झालेलं नसतं. पाढे तो माझ्यापेक्षा भराभर म्हणतो. अडतं ते हालचालीची आखणी करताना. पायरी किती खोल, पाऊल कुठं टाकायचं, तोल कसा राखायचा, हे आपलं शरीर न विचारता जुळवतं. त्याला ते दरवेळी नव्याने जुळवावं लागतं. शाळकरी वयाच्या शंभर मुलांत साधारण पाच-सहा मुलं अशी असतात आणि मुलग्यांमध्ये हे प्रमाण जास्त आढळतं. म्हणजे आपल्या पाठशाळेतही एखाददुसरं असणारच. 'धांदरट' या एका शब्दाखाली ते झाकून जातं, एवढंच.

एक गोष्ट आधी सांगते. मूल पूर्वी पडत नव्हतं आणि आता पडायला लागलं, किंवा पडणं वाढत चाललं, किंवा जमिनीवरून उठताना ते मांड्यांवर हात टेकवत वर येतं, तर घरचे उपाय करत बसू नका. स्नायूंचा किंवा दुसरा आजार असू शकतो. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, डोळे तपासून घ्या. आम्हीही ते सगळं आधी उरकलं आणि मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे गेलो.

मी बी.कॉम. नोकरी कधी केली नाही, पण घरचा जमाखर्च चाळीस वर्षं लिहितेय. त्या सवयीने नातवाच्या पडण्याचीही वही घातली. तारीख, वेळ, जागा, पायात काय होतं, हातात काय होतं, आणि पडायच्या आधी कुणी काय बोललं. सूनबाई हसल्या. महिनाअखेरीस बेरीज केली तेव्हा तेवीस पडणी निघाली. त्यांतली नऊ हातात काहीतरी असताना. सहा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. पाच शाळेतून आल्यानंतरच्या अर्ध्या तासात, म्हणजे तो दमलेला असताना. आणि चार वेळा पाठीमागून कुणीतरी हाक मारली होती. (हाक मारणारे बहुतेक वेळा आजोबाच!) नुसतं 'सारखा पडतो' म्हटलं की हात टेकावेसे वाटतात. जागा आणि वेळ कळली की निदान कामाला लागता येतं.

उंबऱ्याला पिवळी पट्टी चिकटवली. फरशीवर नुसत्या मोज्यांनी फिरणं बंद केलं, एकतर अनवाणी नाहीतर टाच घट्ट धरणारे बूट. लेस काढून पट्ट्यांचे बूट आणले. दप्तर दोन्ही खांद्यांवर. शाळेतून आल्यावर आधी बसून खाणं, मग बाकीचं. पाठीमागून हाक मारायची नाही, समोर जाऊन बोलायचं. शाळेला विनंती केली की सुट्टीच्या घंटेआधी दोन मिनिटं त्याला जिना उतरू द्यावा. आधी नाही म्हणाले. मग सूनबाईंनी 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा काढून दाखवला. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सिया हा शब्द चक्क लिहिलेला आहे. मग जमलं.

तो पडला की आमच्या घरी कुणी "अगंबाई!" करत धावत नाही. बघणाऱ्याला हे निष्ठुर वाटतं. पण आपण किंचाळलो की मूल दुखण्याआधी आपल्या चेहऱ्याला घाबरतं. मी दोन श्वास थांबते, मग विचारते, "कुठं लागलं?" त्याचा तोच उठतो. डोक्याला मार असेल तर मात्र लक्ष ठेवायचं. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, विचित्र बोलणं यांतलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना.

आता 'बघून चाल' या सल्ल्याविषयी. एक काकू त्याला दर रविवारी ईर्यासमिती सांगतात: चार हात जमीन बघत चालावं. काकूंचा भाव चांगला आहे, पण ती समिती जीवदयेसाठी आहे आणि नातू ती पाळतो. मुंगी त्याला माझ्याआधी दिसते. दिसतं सगळं, पाऊल वेळेवर पोहोचत नाही. थेरपिस्ट बाईंनी सांगितलं, 'नीट चाल', 'सावकाश' असं मोघम बोलू नका, काय करायचं ते सांगा: 'डावा हात कठड्यावर, मग पाय.' आणि शक्य तिथं बेत त्यालाच ठरवू द्या. काय करायचंय, कसं करणार, करून बघ, जमलं का ते तपास, अशा चार पायऱ्या.

यंदा दशलक्षणात त्याने हट्ट धरला, अभिषेक करायचा. ओली संगमरवरी फरशी, पायघोळ धोतर आणि हातात भरलेला कलश, म्हणजे वहीतली सगळी खाती एका पानावर! सूनबाई रात्री मला म्हणाल्या, "आई, चारचौघांत पडला तर तो पुन्हा मंदिरात यायचा नाही." भीती खरी होती. याआधी एकदा हसं झाल्यावर त्याने खो-खो कायमचा सोडलाय.

बेत त्यानेच केला. धोतर घोट्याच्या वर. कलश अर्धाच भरायचा, आणि तो घेऊन चालायचं नाही, जागेवर उभं राहिल्यावर बाबांनी हातात द्यायचा. आठ दिवस परसात तांब्याने सराव केला, पाणी वाया नको म्हणून कुंड्यांवर. मी उपाध्यांना आधीच भेटून सांगितलं की याचा नंबर पहिला लावा, फरशी ओली व्हायच्या आत.

कलश त्याने नीट ढाळला, दोन्ही हातांनी. सूनबाई खांबाआड उभ्या होत्या.

बाहेर येताना शेवटच्या पायरीवर धोतरात पाय अडकला आणि पडला. दोन मुलं हसली. तो उठला, गुडघा झटकला आणि म्हणाला, "आजी, लिही. धोतर, पायरी, हातात काही नाही."

त्या महिन्याच्या अकरा नोंदींतली ती एक. आता त्याला सायकल हवी आहे. सूनबाईंचा होकार आहे, आजोबांचा नकार, आणि मी अजून हिशेब करतेय.