जेवणं आटोपल्यावर

आमच्याकडे दिवेलागणीला स्वयंपाकघर बंद होतं. सूर्यास्ताआधी जेवणं, मग भांडी, ओटा पुसायचा, उद्याच्या पाण्याचं गाळणं धुऊन वाळत टाकायचं, आणि पावणेसातला मी मोकळी. शेजारच्या घरांत त्या वेळी कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात. लग्न होऊन कारंज्याहून बालाघाटला आले, तेव्हापासून हा मोकळा वेळ मला मिळत आला आहे. रात्रिभोजनत्यागाचे फायदे प्रवचनांत पुष्कळ ऐकले. पण साडेसातची मालिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहता येते, हा फायदा कुणी सांगितला नव्हता.

बालाघाट म्हटलं की महाराष्ट्रातल्या बऱ्याच लोकांना बीडकडचे डोंगर आठवतात. आमचं बालाघाट मध्य प्रदेशातलं, वैनगंगेकाठचं, गोंदियाच्या पलीकडचं. 1956 च्या 1 नोव्हेंबरला नागपूर एका राज्यात गेलं आणि आम्ही दुसऱ्या. बाजारात हिंदी, खेड्यांत पोवारी आणि गोंडी, घरात मराठी, आणि मंदिरात जी जिभेवर येईल ती. मराठी सिनेमा आमच्या गावात लागायची वाट पाहत बसलं तर म्हातारपण येईल. म्हणून माझं माहेर टीव्हीतच. 1999 साली अल्फा मराठी सुरू झाली आणि ‘आभाळमाया’तली सुधा जोशी दिसायला लागली, तेव्हा माझा मुलगा कडेवर होता. सुकन्या कुलकर्णींचं ते शांत, नीटनेटकं बोलणं ऐकलं की वाटायचं, मावशी आली आहे गप्पा मारायला.

मग डिसेंबर 2019 मध्ये ‘आई कुठे काय करते’ आली. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’. हिंदीत तिचीच ‘अनुपमा’ झाली. आमच्या घरी सासूबाई अनुपमा बघायच्या आणि मी अरुंधती, त्यामुळे एकच गोष्ट दोन भाषांतून घरात चालायची. मला अरुंधतीच जवळची, कारण मधुराणी प्रभुलकर रडताना आवाज करत नाहीत. पहिली दीड-दोन वर्षं मालिका फार चांगली होती. पंचवीस वर्षं घर सांभाळलेली बाई, नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण, आणि मुलांनाही वाटतं की आईला काही कळत नाही. पुढे मात्र अपघात, कट आणि गैरसमज यांचं पाणी घालून आमटी वाढवली. 2024 च्या मार्चमध्ये तिला साडेसातवरून दुपारी अडीचला ढकललं, तेव्हा मला फार राग आला होता. अडीच म्हणजे घरातल्या बाईची उरलेली वेळ. आईची गोष्ट संपत आली की तिलाही उरलेल्या वेळेतच बसवायचं का? नोव्हेंबरात ती संपली. मी शेवटचा भाग पाहिला. पाच वर्षांची सोबत, निरोप तर द्यायलाच हवा.

‘शेरनी’ आम्ही पाहिला तो 2021 च्या जूनमध्ये, प्राइमवर. आमच्या जिल्ह्यातल्या जंगलात चित्रीकरण झालं म्हणून गावात आधीपासूनच उत्सुकता होती. अमित मसुरकरांचा ‘न्यूटन’ मला आवडला होता, त्यामुळे यातही मारामारी-गाणी नसणार हे माहीत होतं. विद्या बालन वनअधिकारी आहे. वाघिणीला दोन पिल्लांसह जिवंत सुरक्षित जंगलात पोचवायचं, एवढंच तिचं म्हणणं. आणि वाघिणीच्या वाटेत तांब्याची खाण. पायऱ्यापायऱ्यांचा तो अवाढव्य खड्डा पडद्यावर आला आणि आमच्या घरात तीन जण एकदम म्हणाले, “मलाजखंड!”

महाराष्ट्रातल्या लोकांना हा सिनेमा बघताना यवतमाळची अवनी आठवली असणार. 2018 च्या नोव्हेंबरात तिला गोळी घातली, तेव्हा कारंज्याचे माझे भाऊ फोनवर दोन बाजूंनी भांडत होते. एक म्हणे, माणसं मेली आहेत. दुसरा म्हणे, तिची पिल्लं आहेत. आम्ही पाणी दुहेरी कापडातून गाळतो, गाळण्यातले जीव पुन्हा पाण्यात सोडतो. वाघिणीच्या बाजूने बोलणं आम्हाला सोपं जातं. पण जिच्या घरातलं माणूस सकाळी मोहफुलं वेचायला गेलं आणि परत आलं नाही, तिला मी कोणत्या तोंडाने अहिंसा सांगू? सिनेमाचा मोठेपणा हा की तो त्या बाईलाही वाईट ठरवत नाही. जंगलाची खरी जाण गावातल्या ज्योतीलाच आहे, साहेबांना नाही. आणि खाणीबद्दलही मला सरळ राग धरता येत नाही. भरवेलीचं मँगनीज, मलाजखंडचं तांबं, यांवर जिल्ह्यातली कितीतरी घरं चालतात; आमच्या दुकानातलं गिऱ्हाईकही त्यातलंच. वाघिणीची वाट अडवणाऱ्यांत आपण कुठे उभे आहोत, हे त्या रात्री ह्यांनी दुकानाचा हिशेब लिहिता लिहिता दोनदा विचारलं.

शेवटी विद्याची बदली संग्रहालयात होते. काचेच्या डोळ्यांचे, पेंढा भरलेले प्राणी ओळीने उभे. सासूबाईंनी तिथे तोंड फिरवलं. शिकारीच्या प्रसंगातही त्या माळ घेऊन बसल्या होत्या, पण इथे उठूनच गेल्या. मला मात्र तो शेवट सगळ्यांत खरा वाटला. काम करू पाहणाऱ्या बाईला कुणी काढत नाही, फक्त जिथे काही जिवंत नाही अशा जागी नेऊन बसवतात.

2023 मध्ये ‘बाईपण भारी देवा’ बघायला आम्ही अकरा जणी गाडी करून नागपूरला गेलो. सोबत दशम्या, चटणी आणि गाळलेल्या पाण्याचा कॅन, कारण परतीला अंधार होणार. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. मंगळागौर आमच्याकडे नसते, पण झिम्मा-फुगडी कुणाच्या धर्माची थोडीच असते! बायका नऊवारी नेसून, नथी घालून आल्या होत्या. सिनेमा म्हणून मला तो थोडा गोडसर वाटला, सहाही जणींची दुःखं दोन तासांत मिटवायची म्हणजे घाई होणारच. पण वंदना गुप्ते, रोहिणी हट्टंगडी आणि माझ्या सुकन्याताई एकत्र नाचताना पाहणं हेच तिकिटाचं मोल. आमच्यातली एक गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, ती खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलवत होती.

आता ‘मिसेस’. हा सिनेमा 2025 च्या फेब्रुवारीत झी फाइव्हवर आला, सान्या मल्होत्राचा, आरती कडव यांनी केलेला. मूळ मल्याळम ‘द ग्रेट इंडियन किचन’. लग्न होऊन आलेली रिचा, नृत्य करणारी मुलगी. नवरा डॉक्टर, तोही बायकांचा. सासरे कधी आवाज चढवत नाहीत, फक्त चटणी मिक्सरमधली नको, पाट्यावरची हवी, फुलका तव्यावरून थेट ताटात हवा, असं हसत सांगतात. सिंकचा पाइप गळतो, तो दुरुस्त करायला कुणाला वेळ नाही. सिनेमात काहीच घडत नाही, आणि चिरणं, वाटणं, लाटणं, पुसणं संपतच नाही.

मी आणि सूनबाई दोघीच बघत होतो. ती छिंदवाड्याची, इथल्याच एका बँकेत आहे. पाट्याचा प्रसंग आला तशी ती म्हणाली, “मम्मीजी, ये तो अपना ही घर है।”

मी सिनेमा थांबवला. वाईट वाटलं, पण तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे पिठाला मर्यादा आहे. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. म्हणजे दळण सतत. रात्रीची भिजवलेली कणीक चालत नाही, आंबवलेलं पीठ चालत नाही, धान्य निवडून घ्यायचं, भाजी उलटसुलट बघून चिरायची. महाराज गावात असले आणि घरी चौका लावला की पहाटे चारपासून ओल्या कपड्यांत स्वयंपाक. हे सगळं आम्ही बायकाच करतो. बाहेरून कॅमेरा लावला तर आमचं घर आणि रिचाचं घर यांत काय फरक दिसेल?

मी तिला म्हटलं, फरक आहे. तिथे एकाच्या जिभेसाठी दुसरीचे हात झिजतात. नियम हा माणसाने आपल्या जिभेवर घालायचा असतो. ह्यांनी आजवर कधी ताटात काय कमी आहे हे सांगितलं नाही, बटाट्याची आठवण काढली नाही.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “पण माझा नियम मी कुठे घेतलाय? घराने घेतलाय.”

तिची अडचण मला ठाऊक होती. डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो आणि ती बँकेतून सव्वासहाला येते. मग कधी खारीक-बदाम आधीच खाऊन, कधी नुसतं पाणीही न घेता झोपायचं. आजवर तिने तक्रार केली नव्हती, आणि त्यामुळे घरातल्या पुरुषांना वाटत होतं की सगळं छान चाललं आहे. सिनेमातल्या सासऱ्यांनाही तसंच वाटत असतं.

पच्चक्खाण म्हणजे स्वतःच्या तोंडाने म्हणून घेतलेला त्याग, हे मी लहानपणी कारंज्याच्या पाठशाळेत शिकले. दुसऱ्याच्या वतीने तो घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे ह्यांच्यासमोर आणि मुलासमोर मांडलं. मुलगा गप्प. हे म्हणाले, “लोक काय म्हणतील, मंदिरात विचारतील.” मी म्हटलं, विचारलं तर सांगा, सून स्वतः ठरवते आहे, अजून तिने नियम घेतलेला नाही. बोलणं जरा वाढलं. नाश्ता गार झाला.

सासूबाई पाटावर बसून मेथी निवडत होत्या. वय ब्याऐंशी. कुणी त्यांना विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “मला चौदाव्या वर्षी दिला. कुणी विचारलं का? पुढे मी तो माझा केला, ही गोष्ट वेगळी. तिला करायचा तर करेल.” आणि मेथीच्या काड्या घेऊन आत गेल्या.

आता अष्टमी-चतुर्दशीला सून शाखेतच पाच वाजता डबा खाते, हे तिचं तिने ठरवलं. इतर दिवशी घरी आल्यावर गरम जेवते. वाढायला मी उठत नाही. तिचं ती घेते, कधी मुलगा पोळी शेकून देतो. दळण आठवड्यातून एकदा तो नेतो. भरवेलीच्या माझ्या नणंदेला हे कळलं तेव्हा फोनवर पाच मिनिटं शांतता होती. मग म्हणाली, “वहिनी, तुम्ही फार सिनेमे बघता.”

थांबवलेला अर्धा सिनेमा आम्ही तिघींनी त्याच आठवड्यात पूर्ण केला. रिचा घाण पाणी पाहुण्यांना देते तो प्रसंग सासूबाईंना मुळीच आवडला नाही. पाहुण्याला असं करतात का, म्हणाल्या. ती घर सोडून जाते तिथे काही बोलल्या नाहीत. शेवटी त्या घरात दुसरी नवी बायको तेच काम करताना दिसते, तेव्हा चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “हे मात्र खरं दाखवलं.”