कुत्र्यांची सिस्टर

माझ्या कामाला आपल्याकडे धड नाव नाही. दवाखान्यात येणारे लोक मला ताई म्हणतात, सिस्टर म्हणतात, घाईत असले की नुसतंच "अहो, जरा धरा याला" म्हणतात. एक आजोबा मला कंपाउंडरीणबाई म्हणायचे, ते मला मनापासून आवडायचं. गावाकडे सोपं असतं. तिथे जनावराला सुई टोचणारा प्रत्येक माणूस डॉक्टर. आत्याने मात्र एका लग्नाच्या मांडवात चार बायकांसमोर माझी ओळख करून दिली, "ही आमच्या दादाची थोरली. पुण्यात कुत्र्यांची सिस्टर हाय." सगळ्या हसल्या. मीही हसले. रात्री एसटीत बसल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना.

मी माण तालुक्यातली. आमच्याकडे दोन जर्सी गाई. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध जातं, त्यावर घर चालतं. दहावीनंतर पशुसंवर्धनाची पदविका केली, कारण माहितीतलं तेवढंच होतं आणि गाईची मला भीती वाटत नव्हती. पुढे काय, तर झेडपीची भरती निघेल तेव्हा निघेल. तोवर पुण्यातल्या एका खासगी प्राण्यांच्या दवाखान्यात ट्रेनी म्हणून लागले. पगार नऊ हजार. त्यातले साडेचार पीजीच्या कॉटला जायचे.

ट्रेनी म्हणजे नक्की कशाची ट्रेनी, हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही. खरं तर सांगण्यासारखं फारसं नाहीच. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा १९८४ चा. त्यात नोंदणी आहे ती पशुवैद्यकांची. डॉक्टरांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देणाऱ्या पदविकाधारकांसाठी एक कलम आहे, तेही मुख्यतः गावातली गुरं डोळ्यांसमोर ठेवून. ब्रिटनमध्ये १९६१ पासून हे काम करणाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण मिळतं, परीक्षा असते, नोंदणी असते. आपल्या शहरांत कुत्री-मांजरं घराघरांत आली, त्यांचे दवाखाने झाले, त्यांना रात्रभर सलाईनवर ठेवायची सोय झाली. पण रात्रभर त्यांच्याजवळ बसणाऱ्या माणसाचं काय, हे अजून कुणी नीट ठरवलेलं नाही.

मग हे काम असतं तरी काय? सगळ्यात आधी, धरणं. हे ऐकायला फालतू वाटतं. पण पाय नीट धरला नाही तर शीर मिळत नाही, आणि शीर मिळाली नाही तर डॉक्टरांची हुशारी काही कामाची नाही. कुत्र्याच्या पुढच्या पायावर, कोपराच्या जरा खाली अंगठा दाबून किंचित बाहेर वळवायचा, की शीर वर येते. मोठ्या कुत्र्याला गुलाबी किंवा निळा कॅन्युला, पिल्लाला पिवळा, त्याहून बारीक. मांजराला ताकदीने धरायचंच नसतं. टॉवेलमध्ये गुंडाळायचं, डोकं झाकायचं, आवाज खाली ठेवायचा. हिरड्या बघायच्या. गुलाबी असल्या तर बरं. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. ताप बघायचा. माणसाला १०१ म्हणजे ताप, कुत्र्याला १०१ म्हणजे ठणठणीत. मग शी-शू काढणं, पिंजरे धुणं, नोंदी करणं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला दर अर्ध्या तासाने काहीतरी सांगणं. या शेवटच्या गोष्टीचं ट्रेनिंग कुठेच मिळत नाही.

पहिला महिना मला हे सगळं प्रचंड आवडलं. मग पार्व्हो आला.

पार्व्हो ज्यांनी पाहिलाय त्यांना वासावरून कळतो. लस न झालेली पिल्लं, दीड-दोन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंतची. आधी खाणं सोडतात, मग उलट्या, मग रक्ताची हगवण. विषाणूला थेट मारेल असं औषध आमच्या कपाटात नाही. सलाईन द्यायची, उलट्या थांबवायच्या, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक द्यायचं, ऊब द्यायची आणि पिल्लाचं शरीर स्वतः लढेपर्यंत त्याला धरून ठेवायचं. पहिले तीन-चार दिवस काढले की बरीचशी वाचतात. पण ते तीन-चार दिवस म्हणजे दर तासाला साफसफाई, दर तासाला सलाईनचा वेग बघणं, नळी चावली का बघणं. विषाणू इतका चिवट की साध्या साबणाने जात नाही. एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी करून फरशी, भांडी, चपला, सगळं धुवायचं. माझ्या हातांना आठ महिने तोच वास होता. पीजीतली मैत्रीण म्हणायची, तू स्विमिंग पूलमध्ये काम करतेस का?

पिल्लं मेली की वाईट वाटायचंच. पण मला आतून पोखरलं ते मरणाने नाही. एक इंजिनिअरिंगचा मुलगा रस्त्यावरचं पिल्लू घेऊन आला होता. काळं, कपाळावर पांढरा ठिपका. त्याच्याकडे अठराशे रुपये होते. मित्रांकडून गोळा केलेले, काही सुटे. डॉक्टरांनी जेवढं कमी करता येईल तेवढं केलं. तरी अ‍ॅडमिट करून चार दिवस ठेवायचा खर्च कितीतरी जास्त होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने पिल्लू घरी न्यायचं ठरवलं. हिरड्यांना जरा रंग आला होता. मला दिसत होतं की अजून दोन रात्री सलाईन मिळाली तर हे उठेल. त्यालाही दिसत होतं. डॉक्टरांना तर दिसतच होतं. तरीही कॅन्युला मीच काढला, पट्टी मीच बांधली, ओआरएस कसं पाजायचं ते मीच सांगितलं. तो "थँक्यू ताई" म्हणाला आणि हूडीच्या आत पिल्लू घालून रिक्षात बसला.

पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही.

त्यानंतर मला झोप लागेना. लागली तर सलाईन पंपाचा अलार्म ऐकू यायचा, आमच्या रूममध्ये पंप नसताना. ड्यूटीवर जायच्या आधी पोटात कळ यायची. बसस्टॉपवर बस यायची आणि मनात यायचं, सोडून द्यावी ही. लोकांवर चिडचिड व्हायला लागली, तीही चुकीच्या लोकांवर. लसीचे पैसे जास्त वाटतात म्हणणाऱ्या काकूंच्या हातातला आयफोन मला दिसायचा. महिन्याच्या शेवटी एक पिल्लू गेलं आणि मला काहीच वाटलं नाही, त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

याला नाव असतं, हे मला मोबाइलवर रात्री तीन वाजता वाचताना कळलं. सतत दुसऱ्याचं दुखणं सांभाळून येणाऱ्या थकव्याला इंग्रजीत 'कम्पॅशन फटिग' म्हणतात. १९९२ मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी नर्सेसबद्दल लिहिताना हा शब्द वापरला, पुढे चार्ल्स फिगली या मानसशास्त्रज्ञांनी तो रुळवला. मला वाटलं, हेच आपलं. पण पुढे वाचत गेले तसं आणखी एक नाव सापडलं, 'मॉरल डिस्ट्रेस'. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सिंगच्या संदर्भात ते मांडलं. योग्य काय ते तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ज्या व्यवस्थेत उभे आहात ती ते करू देत नाही, त्यातून होणारी घुसमट. हे वाचल्यावर मी फोन खाली ठेवला. त्या काळ्या पिल्लाच्या बाबतीत मला थकवा आलाच नव्हता. माझ्यात काळजी शिल्लक होती, भरपूर होती. ती ठेवायला जागा नव्हती.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण मला त्याचा रोजच्या जगण्यात उपयोग झाला. थकवा असेल तर झोप, सुट्टी, जेवण याने उतरतो. घुसमट सुट्टीने जात नाही. सुट्टीवरून परत आलात की ती बाकावर बसलेलीच असते. तिच्यासाठी व्यवस्थेतलं काहीतरी, कितीही छोटं, हलवावं लागतं. नाहीतर तिथून निघावं लागतं.

निघण्याचे रस्ते तर समोर होतेच. आप्पांचा रोज फोन. "तलाठ्याचा फॉर्म भरलायस का न्हाई? ग्रामसेवकाचं बी निघायचंय म्हणत्यात." आत्याचं म्हणणं वेगळं, "सिस्टरच व्हायचं हाय तर माणसांची तरी हो. जीएनएम कर, सरकारी दवाखान्यात लागशील." त्यात चूक काहीच नव्हतं. मी जीएनएमची माहिती काढली, कागदपत्रांची यादी केली, जातीच्या दाखल्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला. शिवाय एक शंका मलाच छळत होती. आपल्याला हे काम खरंच आवडतं, की झेडपीची भरती निघत नाही म्हणून आवडून घेतोय? याचं उत्तर रात्रपाळीत शोधू नये एवढं मला आता कळलंय. रात्री तीनला प्रत्येक नोकरी चूकच वाटते.

आमच्याकडे साफसफाईला एक मावशी आहेत, बारा वर्षांपासून. डॉक्टर बदलले, मालक बदलले, मावशी तिथेच. मी एकदा आयसोलेशनच्या दाराबाहेर डबा न उघडता बसले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू उपाशी हायस हे त्या पिल्लाला कळत न्हाई. जेव." बस, एवढंच. त्यांचा स्वतःचा एक नेम आहे. जनावर गेलं की त्याचा पिंजरा त्या स्वतः धुतात, त्याचं भांडं घासून पालथं घालतात आणि मग चहा पितात. त्याआधी दुसरं काम हातात घेत नाहीत, डॉक्टरांनी हाक मारली तरी. मी तेच सुरू केलं. पाच मिनिटं लागतात. पण त्या पाच मिनिटांत ती गोष्ट संपते. नाहीतर ती पीजीपर्यंत सोबत यायची.

एका रात्री मी १४४१६ वर फोनही केला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी जादू काही केली नाही. कुत्र्यासाठी काय रडायचं, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. तेव्हा तेवढंच हवं होतं.

मग मी वहीत तीन गोष्टी लिहिल्या आणि मोठ्या डॉक्टर मॅडमकडे गेले. एक, आम्हा सगळ्या ट्रेनींना रेबीजची लस आधीच मिळावी, चावल्यानंतर नव्हे. दोन, आयसोलेशन भरलेलं असेल तेव्हा रात्री दुसरा माणूस असावा. तीन, पैशांअभावी घरी नेलेल्या प्राण्यांच्या घरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला फोन करू द्यावा, काय पाजायचं, काय दिसलं तर लगेच आणायचं ते सांगायला. मॅडम वही बघत राहिल्या. पहिली गोष्ट लगेच मान्य झाली. तिसरीला त्या म्हणाल्या, "कर, पण ओपीडी संपल्यावर. आणि औषध बदलायचं असेल तर मला विचारून." दुसरीला म्हणाल्या, "बघू." त्या 'बघू'ला चार महिने झाले.

मी फोन करायला लागले. बरेच लोक उचलत नाहीत. काही जण म्हणतात, गेलं ते, आणि लगेच ठेवतात. काही जण मात्र थांबून सगळं सांगतात, आणि त्यांना अजून एक प्रश्न विचारायचा असतो जो केस पेपरवर बसत नाही. एका बाईंनी पिल्लू पेज पितानाचा व्हिडिओ पाठवला, मागे कुकरची शिट्टी. त्या मुलाला पहिला फोन केला होता. नंबर बंद.

मधल्या काळात मला आणखी एक काम जमायला लागलं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हातारं, आजाराने संपत आलेलं कुत्रं शेवटच्या इंजेक्शनसाठी येतं तेव्हा पाय मी धरते. घरच्यांना मी आधीच सांगते, डोळे मिटणार नाहीत, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं वाटेल, पण तो श्वास नसतो, घाबरू नका. हे आधी सांगितलं की माणसं कुत्र्याकडे बघू शकतात. नाही सांगितलं तर ती घाबरून मागे सरतात आणि चौदा वर्षांचा निरोप हुकतो. हे कुठल्याच पदाच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. पण ज्या दिवशी ते नीट होतं, त्या दिवशी मला बस सोडून द्यावीशी वाटत नाही.

जीएनएमचा फॉर्म मी यंदा भरला नाही. पुढच्या वर्षी भरेन की नाही, सांगता येत नाही. तलाठ्याचा भरलाय, आप्पांसाठी आणि थोडा माझ्यासाठीही. पगार आता बारा हजार आहे. बाराच्या पुढे कुठवर जाईल याचा हिशोब मी केलाय आणि तो काही फार बरा नाही. आवडतं म्हणून कमी पैशांत करायचं, हे किती दिवस चालेल ते बघायचं म्हणून मी एक तारीख ठरवलीये. पुढचा मे. तोवर रात्रीचा दुसरा माणूस आला नाही, तर मी दुसरीकडे बघणार. हे मॅडमना सांगून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात एक नवी मुलगी आली, लातूरकडची. आज तिची आयसोलेशनमधली पहिली रात्र. मी तिला शीर कशी धरायची ते दाखवलं, ब्लीचचं प्रमाण दाखवलं, मॅडमचा नंबर स्पीड डायलवर टाकून दिला. ती म्हणाली, "ताई, अजून काही?"

म्हटलं, "डबा आणलायस ना? मग आधी जेवून घे."