माय फादर द हिरो - एक हलकाफुलका (?) सिनेमा

काही सिनेमे आपण ठरवून बघत नाही. रविवारचं जेवण अंमळ जास्त झालेलं असतं, रिमोटवर चाळा चालू असतो, मध्येच कुठेतरी बोट थांबतं आणि मग शेवटपर्यंत हलत नाही. ‘माय फादर द हिरो’ (1994) हा अगदी त्याच जातीचा सिनेमा. ऑस्कर-बिस्करच्या वाटेला न गेलेला, पण डोक्यातून न जाणारा.

गोष्ट एका ओळीत सांगायची तर, घटस्फोटित फ्रेंच बाप आपल्या चौदा वर्षांच्या अमेरिकन मुलीला घेऊन बहामाला सुट्टीवर जातो. बाप आन्द्रे म्हणजे जेरार्ड देपार्द्यू, हा अवाढव्य माणूस. मुलगी निकोल म्हणजे कॅथरीन हायगल (हो, तीच, ‘ग्रेज् अ‍ॅनाटॉमी’वाली). बाप वर्षानुवर्षं लांब राहिलेला, त्यामुळे कार्टी धुमसते आहे. तो जे काही बोलेल त्याला ‘हं’ किंवा डोळे फिरवणे, एवढीच उत्तरं. चौदाव्या वर्षी बापाने क्लासच्या दारापर्यंत न येता अलीकडच्या चौकातच सोडावं असं वाटणं ही तशी जागतिक गोष्ट आहे, पण इथे बाप चोवीस तास त्याच रिसॉर्टवर!

तर तिथे निकोलला एक मुलगा आवडतो. त्याच्यासमोर आपण मोठ्या दिसावं म्हणून ती ठोकून देते की हा माझा बाप नाहीच, प्रियकर आहे. झालं. आपल्या प्रोजेक्टमध्ये कुणी एक ‘टेंपररी’ पॅच मारतो आणि मग तो सांभाळायला आणखी दहा मारावे लागतात, तशी ही थाप वाढत जाते. अख्ख्या रिसॉर्टला बातमी कळते. कळत नाही ती फक्त आन्द्रेला.

यातला सगळ्यात भन्नाट प्रसंग म्हणजे गाण्याचा. पाहुण्यांच्या करमणुकीच्या कार्यक्रमात हा गडी उत्साहाने पियानोवर बसतो आणि ‘जीजी’ (1958) या जुन्या संगीतिकेतलं, मोरिस शेव्हालियेने गाजवलेलं, लहान मुली आहेत म्हणून देवाचे आभार मानणारं गाणं गायला लागतो. बापाच्या मनात स्वतःची लेक. समोरच्यांच्या मनात जे काय असायचं ते! एकेक जण उठून चालता होतो आणि हा बिचारा आपलं काय चुकलं या विचारात. एकच गाणं, पण कोणाला काय माहीत आहे त्यावर त्याचा अर्थ पार उलटा. विनोदी सीन कसा लिहावा याचा हा धडा आहे. पटकथेवर फ्रान्सिस व्हेबरचं नाव आहे, फ्रेंच फार्समधला दादा माणूस, त्यामुळे नवल नाही.

पण मला सिनेमा आवडतो तो त्यानंतरच्या भागासाठी. आन्द्रेला थाप कळते. आता आपल्याकडचा बाप काय करेल? पहिलं विमान पकडून पोरीला घरी आणेल, आणि पुढचं वर्षभर सगळ्या नातेवाईकांसमोर त्याचा उद्धार करेल. हा चिडतो, थयथयाट करतो, आणि मग नाटकात सामील होतो. चारचौघांनी आपल्याला नीच समजलं तरी चालेल, पण त्या मुलासमोर पोरीची फजिती नको. इतकी वर्षं न केलेलं बापपण बहुधा एका आठवड्यात भरून काढायचं असतं त्याला. ते तसं भरून निघतं का? मला नाही वाटत. पण प्रयत्न बघताना गलबलतं.

मूळ सिनेमा फ्रेंच, 1991 चा, जेरार्ड लोझिएने केलेला, तिथेही बाप देपार्द्यूच. मुलगी मारी जिलँ. डिस्नेच्या टचस्टोनने तो अमेरिकेत ‘पोर्ट’ केला तेव्हा मॉरिशसचं बहामा झालं. (मॉरिशसमध्ये पिढ्यानपिढ्या राहणारी मराठी मंडळी आहेत आणि गणेश चतुर्थीला चक्क सार्वजनिक सुट्टी असते. सिनेमाशी याचा संबंध शून्य, पण राहवलं नाही!) मात्र पोर्टिंगमध्ये एक गोष्ट गळाली. फ्रेंच शीर्षक व्हिक्टर ह्यूगोच्या एका कवितेच्या सुरुवातीच्या शब्दांतून उचललंय. त्या कवितेत ह्यूगोचा सेनाधिकारी बाप लढाईनंतर शत्रूच्या जखमी शिपायाला प्यायला द्यायला सांगतो. तो शिपाई उलट त्याच्यावरच पिस्तूल झाडतो, गोळी इतक्या जवळून जाते की टोपी उडते. बाप म्हणतो, तरीही दे त्याला प्यायला. हे कळल्यावर आन्द्रे वेगळाच दिसायला लागला मला. पोरगी दिवसभर गोळ्या झाडतेय, टोपी कधीच उडालीय, आणि हा बाटली पुढे करून उभा.

आता त्या (?) बद्दल. चौदा वर्षांच्या मुलीकडे कॅमेरा ज्या नजरेने बघतो ते आज बघवत नाही, स्विमिंग पूलजवळचा भाग मी सरळ पुढे ढकलला. आणि मे 2025 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने देपार्द्यूला, 2021 च्या एका चित्रीकरणात दोन स्त्रियांवर केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवून 18 महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. त्याने अपील करणार असं जाहीर केलं. हे माहीत असताना त्याच गाण्याच्या सीनला हसायचं कसं? उठून जाणारे पाहुणे आता तितकेसे मूर्ख वाटत नाहीत. कलाकार वेगळा, कला वेगळी वगैरे म्हणणं इतर सिनेमांत जमतं एखाद्या वेळी. इथे अख्खा विनोदच ‘हा माणूस निर्दोष आहे हे आपल्याला माहीत आहे’ यावर उभा आहे, त्यामुळे पायाच हलतो.

तरी मी परवा पुन्हा पाहिला. आन्द्रेसाठी पाहिला, देपार्द्यूसाठी नाही, असं स्वतःला सांगत. साधारण अर्ध्या वेळेला ते जमलं. बाकी एम्मा थॉम्पसन शेवटी अगदी थोडा वेळ येते, श्रेयनामावलीत नाव नसताना, आणि तेवढ्यात मजा आणते. ती चुकवू नका.