मामूंचे मानपत्र

ऊर्जानगरात महिनाअखेर आली की निरोप समारंभ ठरलेला. चंद्रपूरच्या वीज केंद्राचा पहिला संच 1983 मध्ये सुरू झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत भरती झालेली पोरे आता एकेक करून निवृत्त होत आहेत. शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ आणि 'उर्वरित आयुष्य सुखाचे जावो', एवढ्यात माणसाची तीस-पस्तीस वर्षे आटोपतात. यंदा आमच्या मामूंची पाळी आली. मामू युनियनचे. आम्ही शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो, म्हणून मानपत्र लिहिण्याचे काम आमच्याकडे आले.

मानपत्राची भाषा कुणालाही पाठ असते. झुंजार, लढवय्ये, कामगारांचे कैवारी. मामूंनी चष्मा लावून कच्चा मजकूर वाचला आणि 'झुंजार'वर काट मारली. "बेटा, संप मोजके केले. अर्ज हजारो लिहिले. ते लिही."

खरेच आहे. जानेवारी 2023 चा वीज कर्मचाऱ्यांचा संप सगळ्यांना आठवतो. खासगी कंपनीला समांतर वितरण परवाना देण्याच्या विरोधात 72 तासांचा पुकारला होता, सरकारशी बोलणी होऊन त्याच दिवशी मिटला. पेपरात तेवढेच येते. क्वार्टरचे गळके छत, अडकलेले औषधांचे बिल, विधवेची पेन्शन हे पेपरात येत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राच्या परिसरात ड्युटी संपवून सायकलने घरी निघालेल्या कामगाराला वाघाने मारले. त्यानंतर झुडपे तोडा, दिवे लावा म्हणून मामूंनी किती चकरा मारल्या ते मुमानींना विचारावे.

तरुणपणी मामूंनी नागपुरात ए. बी. बर्धन यांचे भाषण ऐकले होते. बर्धन वीज आणि कापड कामगारांचे पुढारी. 1957 मध्ये नागपुरातून आमदार झाले, पुढे लोकसभेला पडले, तरी कामगारांत राहिले. 2012 मध्ये त्यांनी पक्षाचे सरचिटणीसपद सोडले. बर्धन कम्युनिस्ट आणि मामू पाच वक्ताचे नमाजी, यावरून मोहल्ल्यात कुजबुज व्हायची. मामूंचे उत्तर एकच असे: घाम सुकायच्या आत मजुरी द्यावी, हे आपल्याला कुणी शिकवले?

गेली काही वर्षे मामू ठेकेदारी कामगारांच्या मागे लागले आहेत. कायम नोकरीवाल्यांना हे फारसे आवडले नाही. एका मुलाला बारा वर्षांनी कामावरून कमी केले. या काळात ठेकेदार चार वेळा बदलला. काम तेच, जागा तीच, पण शेवटचा ठेकेदार म्हणतो, तू माझ्याकडे नवा. मामूंनी त्याला ग्रॅच्युइटीचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. महिन्याला 13,000 रुपये, महिना 26 दिवसांचा धरला तर रोजचे 500. वर्षाला 15 दिवसांचे 7,500. बारा वर्षांचे 90,000. त्या घरात बहिणीचा निकाह ठरलेला आहे. 90,000 हा आकडा ऐकून त्याची अम्मी बराच वेळ काही बोलली नाही.

आमची मामूंबद्दल एक तक्रार आहे, ती मानपत्रात घालता आली नाही. सभा त्यांच्या ओसरीवर भरायच्या, चहा मुमानींचा असायचा, पण मुमानींना कुणी 'बसा' म्हटले नाही. आणि मामूंनी हिशेब सगळ्यांचे केले, हिशेब करणारा मात्र एकही तयार केला नाही. हे आम्ही त्यांना समारंभाच्या दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि कपाटातून जुनी वही काढून मुमानींच्या हातात दिली, कारण अक्षर त्यांचे चांगले आहे.

आता गेट पास नाही. मामू गेटबाहेरच्या टपरीवर बसतात. सकाळच्या पाळीतून सुटलेली मुले पगाराची पावती आणि पीएफचा नंबर घेऊन येतात. मुमानी संध्याकाळी ते सगळे वहीत उतरवतात. बारा वर्षांवाल्या मुलाचा अर्ज सहायक कामगार आयुक्तांकडे दाखल झाला आहे. तारीख अजून पडायची आहे.