भिडस्तांचा देश

मुलीकडे टोरांटोला पोहोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी बसमध्ये चढताना माझा बूट एका गृहस्थाच्या पायावर पडला. चांगला जोराने पडला. मी काही बोलण्याच्या आत तेच म्हणाले, "सॉरी!" ज्याचा पाय चेंगरला त्यानेच क्षमा मागावी, हा न्याय मला नवा होता. आमच्या दादर स्टेशनवर अशा प्रसंगी जे शब्द कानी पडतात ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत.

रात्री जेवताना ही हकीकत सांगितली तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, इथे त्यासाठी कायदासुद्धा आहे." मला थट्टा वाटली, पण ते खरे निघाले. ऑन्टारिओ प्रांताने २००९ साली कायदा केला की, एखाद्याने 'सॉरी' म्हटले तर तेवढ्यावरून त्याने आपली चूक कबूल केली असे दिवाणी दाव्यात धरू नये. केला ते बरेच झाले. नाहीतर निम्मा प्रांत भरपाई देता देता कफल्लक झाला असता. भीड भिकेची बहीण म्हणतात ती उगीच नव्हे!

शेजारच्या घरात एक निवृत्त शिक्षक राहत. आयुष्यभर भूगोल शिकवलेला. त्यांना मी मनातल्या मनात 'मास्तर' हेच नाव ठेवले होते. माझ्याहून चार वर्षांनी लहान, अंगाने उंच आणि बोलताना उंचीबद्दलही क्षमा मागत असावेत असे किंचित वाकलेले. ओळख होऊन दहा मिनिटे झाली नाहीत तोच त्यांनी विचारले, "बाहेर जगात आमच्याविषयी काय बोलतात हो?"

मी चाचरलो. खरे उत्तर 'फारसे काही बोलत नाहीत' हे होते. पण परक्याच्या अंगणात उभे राहून असे कसे सांगावे?

या देशाची स्थिती मोठी मजेदार आहे. विस्ताराने जगात दुसरा आणि वस्ती जेमतेम चार कोटींची. २०११ च्या शिरगणतीत एकट्या महाराष्ट्रात सव्वाअकरा कोटी माणसे होती. त्यात ही चार कोटी माणसे बहुतेक दक्षिणेच्या सरहद्दीला चिकटून राहिलेली, आणि सरहद्दीपलीकडे अमेरिका. सावकाराच्या वाड्याला लागून घर असले की आपल्या घरच्या लग्नातही लोक वाड्यावरच्या रोषणाईविषयीच बोलतात, तशातली गत. पियरे ट्रुडो पंतप्रधान असताना १९६९ साली वॉशिंग्टनला जाऊन म्हणाले होते की, तुमच्या शेजारी राहणे म्हणजे हत्तीच्या अंथरुणात झोपणे. हत्ती स्वभावाने कितीही गरीब असो, त्याची प्रत्येक कूस जाणवते.

मी मास्तरांना म्हटले, "जगाचे मला ठाऊक नाही. पण मी तुमचे नाव रोज सकाळी घेतो. पोटात सुई टोचताना." ते चमकले. मग मी माझा मधुमेह सांगितला. इन्सुलिन सापडले ते याच टोरांटोत, १९२१-२२ च्या सुमारास. बँटिंग, बेस्ट, कॉलिप ही त्यातली मंडळी. १९२३ साली त्याचे पेटंट त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकले. मोबदला माणशी एक डॉलर. बँटिंग तर पेटंटावर आपले नाव घालायलाही आधी तयार नव्हता. डॉक्टरला ते शोभत नाही म्हणे! दिवाळीत मी चोरून खाल्लेल्या प्रत्येक करंजीचा हिशेब या माणसांनी आधीच चुकता करून ठेवला आहे.

मास्तर खूष झाले आणि लगेच ओशाळले. "ते जुने झाले," म्हणाले.

पण जुने म्हणून काय झाले? १९५६ साली सुएझच्या कालव्यावरून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल इजिप्तवर चालून गेले, तेव्हा लढणाऱ्यांच्या मधे राष्ट्रसंघाचे सैन्य उभे करावे ही तोड लेस्टर पियर्सन या कॅनडाच्या परराष्ट्रमंत्र्याने काढली. पुढल्या वर्षी त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. त्या सैन्यात आपले भारतीय जवानही होते. गंमत पुढेच आहे. कॅनडाने निवडलेल्या पलटणीचे नाव इंग्लंडच्या राणीचे, गणवेश इंग्रजी धाटणीचा आणि निशाणाच्या कोपऱ्यात युनियन जॅक. इजिप्तने हरकत घेतली: कालपर्यंत ज्यांनी आमच्यावर बाँब टाकले त्यांच्यासारखे दिसणारे हे मध्यस्थ कसले? शेवटी कॅनडाने पलटण मागे ठेवली आणि रसद, वाहने, संदेशयंत्रणा सांभाळणारी माणसे धाडली. भिडस्त मनुष्य लग्नघरी गेला की मांडवात मिरवत नाही, कोठीघर सांभाळतो. हा सल पियर्सन विसरले नसावेत. ते पंतप्रधान असताना, १९६५ साली, लाल मेपलच्या पानाचे नवे निशाण फडकले.

पुढे हे कोठीघरही ओस पडत गेले. शांतिसेनेतली कॅनडाची माणसे रोडावली. सुरक्षा समितीतल्या जागेसाठी २०१० आणि २०२० अशी दोनदा निवडणूक लढवून हा देश हरला. मास्तरांनी ते मला स्वतःहून सांगितले, जणू मतपेट्या त्यांनीच हरवल्या होत्या.

एका विषयावर मात्र त्यांची भीड पार चेपे. बर्फावरची हॉकी. १९७२ साली रशियनांशी आठ सामने झाले. शेवटचा मॉस्कोत. पॉल हेंडरसनने ३४ सेकंद उरले असताना गोल मारला. त्या वेळी शाळकरी असलेले मास्तर हे सांगताना खुर्चीवरून उठले आणि त्यांनी कॉफी सांडली. सॉरी म्हणायलाही विसरले.

जूनमध्ये एका सकाळी मी त्यांना म्हटले, "मला सरोवराकाठच्या हंबर बे बागेत जायचे आहे. येता?" कशाला, हे त्यांनी विचारले नाही.

त्या बागेत एक छायाघड्याळ आहे आणि त्याच्याशेजारी नावांची भिंत. २३ जून १९८५ रोजी मॉन्ट्रियलहून निघालेले 'कनिष्क' विमान बाँबस्फोटाने आयर्लंडजवळ समुद्रात पडले, त्यातल्या ३२९ जणांची ही नावे. विमान लंडन, दिल्ली करीत मुंबईला यायचे होते. भिंतीचे तोंड आयर्लंडच्या दिशेला आहे. मास्तर घड्याळाच्या पायाशी वाकले; तिथे कॅनडाच्या प्रत्येक प्रांतातला दगड बसवला आहे. ते जुन्या सवयीने प्रांतांची नावे पुटपुटू लागले आणि मधेच थांबले.

"मी इथून वीस मिनिटांवर राहतो," ते म्हणाले, "आणि इथे कधी आलो नाही."

मी गप्प राहिलो.

"तेव्हा मी तीस वर्षांचा होतो. बातमी वाचली. भारताचे विमान पडले, असे वाटले. वाईट वाटले. पण तुमच्यासाठी."

त्यात त्यांचे एकट्याचे असे काही नव्हते. बाँब ठेवलेली बॅग व्हँकूवरला चढली होती आणि मेलेल्यांत २६८ जण कॅनडाचे नागरिक होते. तरी त्या वेळचे पंतप्रधान मल्रोनी यांनी समाचाराचा फोन केला तो राजीव गांधींना. खटला चालला, शिक्षा झाली ती एकट्यालाच. २०१० साली न्यायमूर्ती मेजर यांच्या चौकशीचा अहवाल आला आणि त्या जूनमध्ये, याच भिंतीपाशी, पंतप्रधान हार्पर यांनी सरकारच्या वतीने क्षमा मागितली. बसमध्ये अर्ध्या सेकंदात येणाऱ्या शब्दाला पंचवीस वर्षे लागली. 'कोमागाटा मारू' जहाजातल्या हिंदी उतारूंना १९१४ साली व्हँकूवरच्या बंदरातून परत हाकलले, त्याची क्षमा तर २०१६ साली आली. तोवर ती ऐकायला त्यांतला कोण उरला असणार?

हे सारे माझ्या ओठांवर आले होते. पण मास्तर चष्मा पुसून भिंतीजवळ गेले होते आणि एकेक नाव वाचत होते. मोठ्याने, वर्गात हजेरी घेतात तसे. उच्चार अगदीच चुकत होते. दोन-तीन नावे मी तशीच जाऊ दिली. मग ते मागे वळून म्हणाले, "सॉरी, हे नीट कसे म्हणायचे?"

मी सांगितले. त्यांनी ते नाव पुन्हा म्हटले, पुन्हा चुकले, पुन्हा म्हटले. सरोवरावरून गार वारा येत होता आणि माझी इन्सुलिनची वेळ टळत आली होती. आम्ही पुढल्या नावावर गेलो.