बिरसीची चौपाटी

समुद्र नसलेले गाव मला फार दिवस गावच वाटत नसे. वसईत, भुईगावच्या सुरूंच्या सावलीत ज्याचे बालपण गेले, त्याला भरती-ओहोटीवाचून दिवस कसा मोजावा हेच कळत नाही. अशा माणसाची २०१९ साली नोकरीच्या अखेरच्या टप्प्यात गोंदियाला बदली झाली. विदर्भ एक्स्प्रेसच्या शेवटच्या स्थानकावर उतरलो, तेव्हा समुद्र सुमारे हजार किलोमीटर मागे राहिला होता.

आमच्या किनाऱ्यावर रोज संध्याकाळी ठराविक मंडळी जमत. वाडीतले काम आटोपून आलेले, पाटावर बसावे तसे वाळूत बसणारे. गावातली सोयरीक, केळीचा भाव, कोणाच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले, सारे तिथेच कळे. आम्ही पोरे जुन्या दाराच्या फळ्या घेऊन लाटांवर आडवे होत असू. हवाई बेटांवर हाच खेळ शतकानुशतके चालत आला आहे आणि तिथल्या ड्यूक कहानामोकू यांनी १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवल्यावर तो जगभर नेला, हे आम्हांला कुठले ठाऊक? २०२१ साली टोकियोत सर्फिंगने ऑलिंपिकमध्ये प्रथमच प्रवेश केला, तेव्हा मी दूरदर्शनसंचासमोर बसून बायकोला म्हणालो, "हे तर आम्ही दाराच्या फळीवर करीत होतो!" ती म्हणाली, "म्हणूनच तुमच्या घराला दार नव्हते."

किनाऱ्यावरचा एक प्रसंग अजून आठवतो. एका मामांची कवळी लाटेने पळवली. तिसऱ्या दिवशी ओहोटीला वाळूत कवळी सापडली, आणि ती आपली म्हणून दोघे जण पुढे आले! मंडळींनी न्यायनिवाडा केला: ज्याच्या तोंडात बसेल त्याची. ती दोघांच्याही तोंडात बसली नाही. तिसऱ्या कोणाची ती, हे आजतागायत उलगडलेले नाही.

त्याच किनाऱ्यावर एक म्हातारी बया येत असे. ती कोणाशी बोलत नसे. नुसती पाण्यातली डोकी मोजत बसे. आम्ही तिला हसत असू आणि मुद्दाम बुडी मारून तिचा हिशेब चुकवीत असू.

असो. गोंदियापासून बारा-तेरा किलोमीटरवर, कामठ्याजवळ बिरसी नावाचे गाव आहे. चहूकडे धानाच्या बांध्या, मोह, पळस, आणि पावसाळ्यानंतर नशीब असेल तर धानात उभी राहिलेली सारसांची जोडी. मात्र या गावाची ख्याती वेगळ्याच कारणाने आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या सुमारास, इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली. पुढे तिचा विस्तार झाला, आणि वैमानिक होऊ इच्छिणारी देशभरातली मुले-मुली येथे उडायला शिकू लागली.

एका रविवारी मी सहज तिकडे गेलो. विमानतळाच्या कुंपणापासून बऱ्याच अंतरावर, एका शेताच्या धुऱ्यावर मोहाच्या झाडाखाली पाच-सहा मंडळी बसलेली दिसली. एक दूधवाला, एक निवृत्त शिपाई, एक केशकर्तनालयाचा मालक, गुरे राखणारे एक वृद्ध बाबाजी आणि त्यांची सातवीतली नात. समोर छोटी विमाने एकामागून एक उतरत होती. चाके धावपट्टीला टेकली न टेकली तोच पुन्हा वर जात होती. शिकाऊ वैमानिकाला उतरण्याचा सराव व्हावा म्हणून हे दिवसभर चालते. मला क्षणभर वाटले, लाट आली, फळी तिच्यावर चढली, सुटली, आणि पोरगे पुन्हा पाण्यात मागे फिरले. मी तिथेच बसलो. माझा किनारा मला सापडला होता.

प्रत्येक किनाऱ्यावर नवख्याकडे जुने लोक तिरक्या नजरेने पाहतात. येथेही महिनाभर माझी परीक्षा झाली. मग एके दिवशी बाबाजींनी विचारले, "सायेब, तुमच्या समुद्रात आज भरती हाय का ओहोटी?" त्या दिवसापासून मी मंडळींपैकी एक झालो.

येथे प्रत्येक उतरणीला गुण मिळत. विमान हलकेच टेकले तर दहापैकी नऊ. एकदा आपटून उडाले तर पाच. दोनदा उडाले तर "बेडूक!" अशी आरोळी आणि नापास. बाबाजींची नात हे गुण वहीत लिहून ठेवी. गुण देण्याचा अधिकार फक्त बाबाजींचा. शिपायाने एकदा त्यावर आक्षेप घेतला, तेव्हा बाबाजी शांतपणे म्हणाले, "त्या पट्टीखाली माह्या बापाचं वावर हाय. माह्या वावरात उतरते, मंग मार्क मी नाही देनार तं कोन देनार?" सगळे हसले. बाबाजीही हसले. पण हसताना त्यांची नजर धावपट्टीच्या एका ठराविक जागेवर होती, हे मी पाहिले.

१३ मार्च २०२२ रोजी बिरसीहून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. इंदूरहून येऊन येथून हैदराबादला जाणारे ते विमान पाहायला आमची मंडळी नटूनथटून आली. केशकर्तनालय बंद ठेवण्यात आले. दूधवाल्याने फेटा बांधला. शिकाऊ विमानांच्या मानाने ते केवढे थोरले! ते धावले, उठले, आणि आकाशात दिसेनासे झाले. आम्ही वाट पाहत बसलो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. शिकाऊ विमाने घिरटी घालून परत येतात, हीच आमच्या डोळ्यांना सवय. अखेर दूधवाला घाबऱ्या आवाजात म्हणाला, "आलं नाही नं बाप्पा परत!" मग शिपायाने त्याला समजावले की, हैदराबादला निघालेले विमान परत येऊ नये म्हणूनच लोकांनी तिकीट काढलेले असते. वर्षभर तो विनोद पुरला. कोणी उधारी बुडवली की मंडळी म्हणत, "हैदराबादला गेली."

१८ मार्च २०२३. शनिवार होता. संध्याकाळी धुऱ्यावर पोहोचलो, तेव्हा आकाश रिकामे होते. बाबाजी दुपारपासून गुरांबरोबर तिथेच होते. नात वही मिटून बसली होती. बाबाजी म्हणाले, "एक गेलं. आलं नाही." त्या वाक्याला वर्षभर हसलेलो आम्ही, कोणीही हसलो नाही.

रात्री कळले. बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्याच्या डोंगराळ जंगलात कोसळले होते. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक मुलगी, दोघेही गेले. सहा वर्षांपूर्वी, एप्रिल २०१७ मध्येही वैनगंगेच्या पात्रात असेच विमान पडून दोन जीव गेले होते; ते मी ऐकून होतो. पण ऐकणे वेगळे. या मुलीला कदाचित आम्ही गुण दिले असतील. कदाचित नापासही केले असेल. तिचा चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता, आणि तरी तिच्या येण्याजाण्याचा हिशेब आमच्या वहीत होता.

मला त्या रात्री भुईगावची बया आठवली. तिचा मुलगा समुद्रात गेला होता, हे मला मोठेपणी आईने सांगितले होते. तेव्हा मी ते ऐकले आणि विसरलो. ती आमची डोकी का मोजत होती, हे समजायला मला हजार किलोमीटर दूर यावे लागले.

पुढे बरेच दिवस मंडळी जमत, पण गप्पा होत नसत. उड्डाणे पुन्हा सुरू झाल्यावर एके संध्याकाळी एक विमान फार वाईट उतरले. एकदा आपटले, दुसऱ्यांदा आपटले, तिरपे झाले आणि सावरले. पूर्वी "बेडूक!" अशी आरोळी उठली असती. कोणी तोंड उघडले नाही. नातीने सवयीने वही उघडली आणि आजोबांकडे पाहिले.

"किती मार्क, आबा?"

बाबाजी काठी टेकून उभे राहिले. विमान थांबेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मग म्हणाले, "उतरलं नं? मंग पास. पैकीच्या पैकी लिव."

त्यानंतर त्या वहीत दुसरा आकडा मी पाहिला नाही.

त्याच वर्षाअखेरीस मी निवृत्त होऊन वसईला परतलो. आता संध्याकाळी किनाऱ्यावर बसतो. विनोद पूर्वीसारखेच चालतात. कवळीचा खटला तर नव्या पिढीलाही पाठ आहे. पोरे पाण्यात हुंदडत असतात, आणि मी गप्पा मारता मारता हळूच त्यांची डोकी मोजतो. एखादे व्रात्य पोर मुद्दाम बुडी मारून माझा हिशेब चुकवते. ते वर येईपर्यंत मी बोलायचा थांबतो.