वहीतली नोंद

पालघरकडच्या माहीमच्या आमच्या वाडीत पानवेलींना पाणी लावणाऱ्या आजींची नात गेल्या जूनमध्ये ओटीवर येऊन बसली. नुकतीच बारावी झालेली. प्लास्टिकच्या पिशवीत जमातीचा दाखला होता, पण त्याच्या पडताळणीसाठी, म्हणजे व्हॅलिडिटीसाठी, त्याहून जुना कागद हवा होता: 6 सप्टेंबर 1950च्या आधीचा, 'वारली' अशी नोंद असलेला. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, नाहीतर कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद. तिच्या पणजोबांनी शाळा पाहिलीच नव्हती.

"काका," ती म्हणाली, "बाई की पुरुष, हे माणसानं स्वतः सांगायचं, असं कोर्टानं म्हटलंय ना? मग मी वारली आहे, हे मी सांगून का चालत नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं नालसा निकालात तृतीयपंथी व्यक्तींचा आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्याच न्यायालयानं 1994 साली माधुरी पाटील खटल्यात, महादेव कोळी असल्याचा दावा तपासताना, पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. एका निकालात माणसाचा शब्द पुरतो, दुसऱ्याच्या पद्धतीत पणजोबांचा कागद लागतो. अमेरिकेतही 2015 साली हाच पेच उभा राहिला. रेचल डोलेझाल ही गोऱ्या आईवडिलांची मुलगी स्वतःला काळी म्हणवत होती आणि काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या स्पोकेन शाखेची अध्यक्षही झाली होती.

बरेच दिवस हा प्रश्न घेऊन मी वाडीत फिरलो. लिंगाची जाणीव वारशानं येत नाही. घराण्यात कुणी तृतीयपंथी नसतानाही ती एखाद्या लेकरात उमलते, आणि तिची साक्ष त्याच्याखेरीज कोण देणार? म्हणून तिथे त्याचाच शब्द शेवटचा. जात, जमात, वंश हे शब्द उच्चारले की मात्र मागच्या पिढ्या येऊन उभ्या राहतात. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणारा लग्नगडी, वेठ, 1945 साली त्याविरुद्ध उठलेले वारली, हे सगळं त्या एका शब्दात साठलेलं आहे. लग्नातल्या धवलेरीची गाणी आणि तारप्याचे सूरही त्यातच आहेत. भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणं हा सवाशिणींचा मान. चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी पुरुष असून ती रेघ हाती घेतली आणि जगापुढे नेली. आज ती कुणीही शिकतो. मीही शिकेन. पण त्यामुळे माझ्या पणजोबांनी वेठ केली, असं होणार नाही.

जन्मानं लादलेलं झुगारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. बाबासाहेबांनी 1935 साली येवल्याला तो उच्चारला आणि 1956 साली नागपुरात बजावला. पण दुसऱ्यानं पिढ्यान्पिढ्या सोसलेलं आपल्या नावावर करून घेण्याचा हक्क कुणालाच नाही, मग मन कितीही खरं असो. तपासणी हवी ती एवढ्यासाठीच. ज्याला अक्षरच मिळू दिलं नाही त्याच्या नातीकडे अक्षराचा पुरावा मागणारी तपासणी मात्र जुन्या अन्यायाचीच पुढची पायरी ठरते.

हे तिला सांगण्याआधी मी माळ्यावरच्या आमच्या पणजोबांच्या वह्या खाली काढल्या. मोडी जाणणाऱ्या स्नेह्याकडून वाचून घेतल्या. 1938च्या खतावणीत तिच्या पणजोबांचं नाव निघालं. पुढे 'वारली'. पुढे लग्नासाठी दिलेले चाळीस रुपये. त्याखाली आठ वर्षांच्या राबणुकीनंतरही उरलेली बाकी.

माझ्या पणजोबांनी त्याला 'तू कोण' असं विचारलं नव्हतं. परस्पर लिहून टाकलं होतं. ती कोण आहे याची साक्ष इतकी वर्षं आमच्याच माळ्यावर पडून होती, आमच्या येणे बाकीच्या रूपात. समिती ती वही मानो न मानो, त्या पानावर दोन घरं आहेत. तिच्या घराच्या जागी मला बसता येणार नाही. माझ्या घराची जागा सोडून उठताही येणार नाही.

वही मी तिच्या हातात दिली. मोडी तिला वाचता येईना. "यात त्यांचं नाव कुठलं?" तिनं विचारलं.

मी त्या अक्षरांवर बोट ठेवलं.